खालच्या माणसाला काम काय?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मॅनलिफ्टबद्दल, म्हणजे माणसाला उंचावर कामाला नेणाऱ्या मशीनबद्दल, मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या महिन्याचं सगळं सदर त्याच विषयाला देऊन टाकलं. मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. शेड उभारणीत मी १९ वर्षं काढली, त्यातली पहिली ८ बांबूच्या परांचीवर आणि पुढची बूम लिफ्टच्या, म्हणजे लांब लोखंडी हाताच्या टोकाला असलेल्या, बास्केटमध्ये. गुडघे बोलायला लागल्यापासून चाकणला ऑपरेटर शिकवतो. पुस्तकी उत्तर हवं असेल त्यानं मशीनचं मॅन्युअल वाचावं, आणि खरं तर माझ्या आधी तेच वाचावं. बास्केटला लावलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ते असतं, किंवा असायला हवं. मी उघडलेल्या निम्म्या डब्यांत तंबाखू-चुन्याची डबी निघाली.

काका, मी एका शेडच्या कामावर सिझर लिफ्ट चालवतो. आमचे सुपरवायझर म्हणतात, सिझरला रेलिंग असतं, बेल्टची गरज नाही. कंपनीचे सेफ्टी ऑफिसर म्हणतात, बेल्ट नसेल तर गेटच्या आत येऊ नको. मी कुणाचं ऐकू? (एक ऑपरेटर, वाळूज)

सेफ्टी ऑफिसरचं. साइट त्यांची, नियम त्यांचा. पण तुझे सुपरवायझर अगदीच वेड्यासारखं बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिझर कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जाते, सरळ खाली येते. तिच्यात तुझा जीव सांभाळतं ते रेलिंग: वरचा दांडा, मधला दांडा, पायाशी पट्टी आणि बंद केलेलं गेट. तू दोन्ही पाय फ्लोअरवर ठेवून काम केलंस तर पडायला वाटच नाही. त्यामुळे बऱ्याच देशांत सिझरमध्ये हार्नेसची, म्हणजे तू बेल्ट म्हणतोस त्या अंगभर पट्ट्यांची, सरसकट सक्ती नसते, त्या कामातला धोका बघून ठरवतात. गेटची साखळी सोडून काम करणाऱ्यानं मात्र मला हा मुद्दा ऐकवू नये.

बूमची गोष्ट निराळी. खाली चाक चार इंचांच्या खड्ड्यात गेलं की ६० फुटांवर बास्केट गोफणीसारखी उसळते, आणि गोफणीतला दगड तू असतोस. माझ्यासमोर एक फिटर असा रेलिंगवरून अर्धा बाहेर गेला होता. हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी, म्हणजे लॅनयार्ड, आखूड होती म्हणून अर्ध्यावरच थांबला. म्हणून बूममध्ये हार्नेस नाही तर काम नाही, मग उंची १० फूट असो नाहीतर १००.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. हार्नेस घातलास, पण लॅनयार्ड कोणती? बाजारात सहज मिळते ती झटका शोषणारी, पावणेदोन-दोन मीटरची. पडल्यावर तिची घडी उलगडते आणि ती आणखी लांब होते. चार मीटरवरून पडलास तर ती पूर्ण उलगडायच्या आत तू जमिनीवर. बास्केटमध्ये लागते ती आखूड किंवा लांबी कमी करता येणारी, रेलिंगच्या बाहेर तुला जाऊच न देणारी. हुक लावायचा तो बास्केटमधल्या स्टिकर लावलेल्या अँकरला, म्हणजे हुकासाठीच्या जागेलाच. तो बहुतेक वेळा खाली, पायाच्या बाजूला असतो. वाकायचा कंटाळा येतो म्हणून पोरं वरच्या दांड्याला अडकवतात.

आणि बाहेरच्या पर्लिनला, म्हणजे छताचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या दांड्याला, तर कधीच नाही. एका साइटवर वायरिंगवाल्यानं पर्लिनला हुक लावला होता, आणि जोडीदारानं न बघता लिफ्ट खाली घेतली. लिफ्ट खाली आली, माणूस वरच राहिला. लटकला, ओरडला, आणि ओरडला म्हणूनच वाचला.

कमरेचा जुना पट्टा अजून वापरत असशील तर तो टाकून दे. पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो.

काम फक्त एक फूट कमी पडत असेल तर रेलिंगवर पाय ठेवला तर चालतो का? (नाव न छापण्याची विनंती)

नाही. शिडी, स्टूल, पेंटचा उलटा डबा, फळी, हेही नाही. पुढच्या मापाची लिफ्ट मागवा. नाव छापलेलं नाही.

माझा आणि मिस्टरांचा रंगकाम आणि काचा साफ करण्याचा छोटा व्यवसाय आहे. आतापर्यंत परांची लावायचो, आता लिफ्ट भाड्यानं घ्यायचा विचार आहे. घेताना काय विचारावं? ऑपरेटरसकट घ्यावी का? (एक व्यावसायिक, नाशिक)

ताई, बहुतेकांचा पहिला प्रश्न भाडं किती हा असतो. तुम्ही काय विचारावं हे विचारलंत, बरं वाटलं.

आधी उंची. भाड्यानं देणारा सांगतो ती बहुधा 'वर्किंग हाइट' असते, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या उंचीत माणसाच्या हाताचे दोन मीटर मिळवून आलेली. १० मीटर म्हणाला तर उभं राहायची जागा ८ मीटरवर. हा फरक आधी कळला नाही की साइटवर आधीच्या प्रश्नातलं रेलिंग आठवतं.

मग वजन. सिझरच्या प्लेटवर समजा २२७ किलो लिहिलंय. दोन माणसांचे दीडशे धरा. रंगाची २० लिटरची भरलेली बादली २८-३० किलोची असते. दोन बादल्या चढवल्या की २१० झाले. ग्राइंडर, वायरची गुंडाळी, पाण्याची बाटली राहिलीच. रंगाऱ्यांना तिसरी बादली वर न्यायचा मोह आवरत नाही, कारण खाली-वर करण्यात वेळ जातो. तो वेळ दरात धरा.

जमीन मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि ती भाड्यानं देणारा बघणार नाही. इलेक्ट्रिक सिझरला बाजूच्या उताराची मर्यादा बहुधा दीड अंश असते. दीड अंश म्हणजे किती? ८० सेंटिमीटर रुंदीच्या मशीनला एका बाजूला फक्त दोन सेंटिमीटर, बोटभर. तेवढ्यानं ८ मीटरवरचा प्लॅटफॉर्म वीसएक सेंटिमीटर बाजूला सरकतो. टिल्ट अलार्म वाजतो तो यासाठी. तो वाजतो म्हणून त्याची वायर काढणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बूमचं वजन ऐकून तुम्ही दचकाल. ४५ फुटी डिझेल बूम साडेसहा टनांच्या आसपास भरते, आणि बूम ज्या कोपऱ्यावर वळते तिथल्या एकट्या चाकावर त्यातला निम्म्याच्या जवळपास भार येऊ शकतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो काढून घ्या आणि बिल्डिंगवाल्याच्या इंजिनिअरला विचारा, विशेषतः खाली तळघर किंवा पार्किंगचा स्लॅब असेल तर.

या बाबतीत मी स्वतः तोंडावर पडलोय. एका गोदामाच्या बाहेर पेव्हर ब्लॉकचं नवंकोरं अंगण होतं. सपाट, सुंदर, दृष्ट लागावी असं. मी बूम आत घेतली आणि वीस पावलांवर डावं पुढचं चाक फूटभर खचलं. बास्केट खालीच होती म्हणून आज हे सदर लिहितोय. खाली जुना नाला होता. तो नुसता मुरमानं भरून वर ब्लॉक बसवले होते. इंजिनिअरला ठाऊक नव्हतं, नकाशात नव्हतं. गर्दी जमल्यावर तिथला माळी म्हणाला, "साहेब, इथं नाला होता." मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "कुणी विचारलंच नाही."

तेव्हापासून नव्या साइटवर मी आधी माळ्याला, वॉचमनला आणि जुन्या प्लंबरला गाठतो. चेंबर कुठे, टाकी कुठे, केबलसाठी कधी खोदलं होतं, सगळं त्यांच्या तोंडी असतं. तुम्ही घरगुती सोसायट्यांची कामं घेणार, तिथे तर सेप्टिक टँकचं झाकण कुंडीखाली झाकलेलं असतं.

ऑपरेटरबद्दल: सुरुवातीला त्यांचाच घ्या, पण घेतला म्हणून डोळे मिटू नका. एक प्रश्न विचारा. "बूम मागच्या चाकांवर फिरवली असेल आणि जॉयस्टिक पुढे ढकलली, तर गाडी कुठे जाईल?" खरा ऑपरेटर हसून म्हणेल, उलटी. मग चेसिसवरचे रंगीत बाण दाखवेल. 'पुढे' म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

सिझर रात्रभर चार्जिंगला लावतो, तरी दुपारी तीनला बसते. मालक म्हणतात मशीनच खराब. (एक हेल्पर, भोसरी)

आधी बॅटरीतलं पाणी बघा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरायचं, आधी नाही. आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड फसफसून बाहेर येतं. प्लेट्स अगदी उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या झाकण्यापुरतं थोडं घाला. नळाचं पाणी अजिबात नको. चार्जिंग उघड्या-हवेशीर जागी, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवून करा, आणि जवळ बिडी नको. त्या वेळी हायड्रोजन सुटतो. एवढं करूनही बसली तर मालक बरोबर.

आम्ही फ्लेक्स आणि साइनबोर्ड लावतो. समुद्राकडून वारा असतोच. किती वाऱ्यापर्यंत काम करायचं, याचा काही आकडा आहे का? (रत्नागिरी)

आहे. बाहेरच्या वापराच्या बहुतेक लिफ्टना मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. छत्री धरवत नाही आणि तारा शीळ घालतात, तो वारा. तुमच्या मशीनच्या प्लेटवर याहून कमी असेल तर तोच खरा. आणि नीट बघा. बऱ्याच छोट्या सिझर फक्त आतल्या वापराच्या असतात, त्यांच्या प्लेटवर वाऱ्याच्या जागी शून्य असतं. भाडं कमी म्हणून तीच उघड्यावर आणतात.

पण तुमच्या धंद्यात त्या ४५ वर जाऊ नका. ती मर्यादा माणूस आणि हत्यारं धरून आहे, फ्लेक्स धरून नाही. चार बाय आठ फुटी शीट बास्केटमध्ये उभी धरली तर त्याच वाऱ्यात तिच्यावर तीसेक किलोचा आडवा दाब येतो. दोन माणसांच्या लिफ्टला हातानं ओढाढकल करायला बहुधा चाळीस किलोच्या आसपासच मुभा असते. एका शीटनं पाऊण खाऊन टाकली. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे होडीवाल्या गावाला मी काय सांगू! जमिनीवर वारा मोजून उपयोग नाही, वर तो जास्तच असतो. वाऱ्याचा मीटर बास्केटमध्ये न्या, हजार-दोन हजारांत मिळतो.

वाऱ्याइतकाच घात करतो त्याचा अचानकपणा. १३ मे २०२४ ची घाटकोपरची दुपार आठवा. धुळीचं वादळ आलं, भलंमोठं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर माझी माणसं वर नसतात, ठेकेदार काय म्हणायचं ते म्हणो. अमेरिकेत इंडियाना राज्यात नोत्र दाम विद्यापीठ आहे. तिथे ऑक्टोबर २०१० मध्ये फुटबॉलचा सराव टिपायला एका विद्यार्थ्याला सिझर लिफ्टवर चढवलं होतं. ताशी ८५ किलोमीटरचा झोत आला आणि लिफ्ट त्याच्यासकट आडवी झाली. पोरगा गेला. वारा आहे हे त्या दिवशी मैदानावरच्या सगळ्यांना दिसत होतं.

गणपतीत रोषणाईसाठी आम्ही बूम लिफ्ट आणतो. रस्त्यावर महावितरणच्या तारा आहेत. रबरी हातमोजे घातले तर पुरेसं आहे का? (एका मंडळाचे कार्यकर्ते, सांगली)

नाही. तुम्हाला भाड्यानं मिळणारी बूम ही लोखंडाची काठी आहे, तिला विजेपासून कसलंही संरक्षण नसतं. वीज कंपन्यांच्या इन्सुलेटेड बकेटच्या गाड्या वेगळ्या. ११, २२, ३३ केव्हीच्या तारांपासून बास्केट, बूम आणि तुमच्या हातातली लाइटिंगची माळ, सगळं किमान ३ मीटर लांब राहिलं पाहिजे. तारेचा झोका आणि बास्केटचं डोलणं धरून ३ मीटर. जमत नसेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करून त्या वेळेपुरती लाइन बंद करून घ्या. ओळखीच्या वायरमननं फोनवर "झालं बंद" म्हटलं, हे बंद नव्हे.

बूम तारेला लागलीच, तर वरच्यानं बास्केटमध्येच थांबायचं आणि खालच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. जवळही जायचं नाही, आजूबाजूच्या जमिनीतही वीज असते. कार्यकर्ते वाचवायला धावतात आणि एकाचे तीन होतात.

जाता जाता एक गंमत, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या मिरवणुकीत दिसणारी नारिंगी बूम ज्या जेएलजी कंपनीची असते, तिचे संस्थापक जॉन ग्रोव्ह १९६७ मध्ये फिरायला निघाले असताना अमेरिकेतल्या हूवर धरणावर परांचीवरचे दोन कामगार विजेच्या धक्क्यानं गेले. हे मशीन बनवावं असं त्यांना त्यावरून सुचलं, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. तरी त्या मशीनला तारेचं वावडं आहे ते आहेच.

गल्फला जायचंय. एजंट म्हणतो १५ हजारांत आयपॅफचं कार्ड काढून देतो, परीक्षेची गरज नाही. घेऊ का? (धाराशिव)

नको रे बाबा. आयपॅफ ही अशा लिफ्टवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आणि तिचं ऑपरेटरसाठीचं पाल कार्ड त्यांच्या मान्य केंद्रात शिकून, लेखी आणि मशीनवरची अशा दोन्ही परीक्षा दिल्यावरच मिळतं आणि ५ वर्षं चालतं. सिझरसाठी ३ए, बूमसाठी ३बी. तुला कोणतं मशीन चालवायचंय ते बघून घे. कार्ड खरं की खोटं हे तिकडची कंपनी नंबर टाकून मिनिटात बघते. एजंटला पैसे दिलेस तर विमानतळ ते विमानतळ असा प्रवास घडेल.

काका, मी १९ वर्षांचा आहे. बूम लिफ्टवर हेल्पर आहे, म्हणजे खाली उभा असतो. वरचे काम करतात, मला काही काम नसतं. मोबाइल बघितला की शिव्या बसतात. खालच्या माणसाला खरंच काय काम असतं? (तळेगाव)

या महिन्याच्या सगळ्या पत्रांत मला तुझं पत्र आवडलं. तुला कुणी शिकवलेलं नाही, हा तुझा दोष नाही.

माझ्या ओळखीचा एक ऑपरेटर शेडच्या छताशी वेल्डिंग करत होता. जागा बदलायला तो बूम मागे घेत होता, तोंड कामाकडे. पाठीमागे बीम आला. पाठ बीमला आणि छाती बास्केटमधल्या कंट्रोल पॅनेलवर दाबली गेली. छाती दाबल्यामुळे जॉयस्टिकही दाबली गेली, म्हणजे मशीन त्याला आणखी दाबत राहिलं. छाती आवळली की ओरडता येत नाही. त्याचा हेल्पर खाली होता, तुझ्यासारखाच मोबाइलवर. वर आवाज नाही म्हणजे काम सुरळीत चाललंय, असं त्याला वाटलं. शेडच्या दुसऱ्या भागातल्या एका क्रेनवाल्यानं बघितलं म्हणून तो आज तीन फासळ्या मोडून का होईना, घरी आहे.

तेव्हा वर कुणी ओरडलं तर तू बघशीलच. तू बघायचं ते गप्प झालेल्या माणसाकडे. वरच्याला दोनच डोळे आणि तेही कामावर. त्याच्या पाठीचे डोळे तू. मशीन हलणार असेल तेव्हा आधी तू चाकांपुढची जमीन बघायची, मग वरचा बीम, मग हात दाखवायचा. तू दिसत नाहीस तोवर त्यानं हलायचं नाही, हे दोघांनी सकाळीच ठरवून घ्या. बास्केटखाली पट्टी लावायची आणि कुणी ओलांडली तर तू ओरडायचंस, मग तो मॅनेजर का असेना. वरून पडणाऱ्या स्पॅनरला हुद्दा कळत नाही.

किल्ली. खालच्या पॅनेलची किल्ली काम चालू असताना तिथेच राहिली पाहिजे. एका साइटवर सुपरवायझर "कुणी मशीनला हात लावू नये" म्हणून ती खिशात घालून जेवायला गेले. वरचा फ्यूज उडाला. एप्रिल महिना, पत्र्याखाली, दोन माणसं ४० मिनिटं भाजत होती. किल्ली खिशात, खिसा हॉटेलात. सुपरवायझरसमोर तुझं तोंड उघडत नसेल तर हे पान दाखव.

आणि सगळ्यात मोठं काम: त्यांना खाली आणणं. वरच्याला चक्कर आली, अडकला, बॅटरी गेली, काहीही झालं तरी ते मशीन खालून चालवता येतं. किल्ली 'ग्राउंड'वर फिरवली की वरचं पॅनेल बंद होतं आणि ताबा तुझा. तो बीममध्ये अडकला असेल तर आधी बघ, कुठल्या बाजूला हलवलं की सुटेल, आणि मगच हळू हलव. घाईनं चुकीचं बटण दाबलंस तर तूच त्याला चिरडशील. कुणी हार्नेसला लटकला असेल तर फायर ब्रिगेडला फोन करून वाट बघत बसायचं नाही. पट्टे मांड्यांत रुततात, पायांत रक्त साचतं, मिनिटांचा खेळ असतो. मशीन पूर्ण बंद पडलं तर बूमला बॅटरीवरचा किंवा हातानं मारायचा इमर्जन्सी पंप असतो, आणि सिझरला खाली एक लिव्हर किंवा नॉब, बहुधा लाल. तो कुठे आहे, ओढायचा की फिरवायचा, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं.

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तुझ्या ऑपरेटरला सोबत घे. बास्केट रिकामी ठेवून खालच्या पॅनेलवरून तीनेक मीटर वर न्या. त्याला म्हण, आता इंजिन बंद आहे असं समज, आणि घड्याळ लाव. मग मॅन्युअलमध्ये लिहिलंय तशी, नुसत्या इमर्जन्सी पंपावर ती जमिनीवर आण. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या खेपेला नुसतं बटण शोधायलाच चार-चार मिनिटं लागतात. तुला किती लागली ते मला कळव.